हजेरीत नसलेल्या बायका

रविवार, ४ जानेवारी १९५९
भिलाई, कॅम्प एक

॥ श्री ॥ आज माधवीवन्सं आल्या. त्यांच्याबरोबर आलं ते असं: पत्र्याची ट्रंक एक, वळकटी एक, पुस्तकांचं खोकं एक (ते उचलताना हमालाला देव आठवला), नागपुरी संत्री दोन डझन, माझ्या पोथीला रेशमी फडकं एक. हमाल आठ आणे. दुर्ग स्टेशनापासून टांगा सव्वा रुपया. टांगेवाला दीड मागत होता आणि वन्सं देऊन टाकणार होत्या, मी मधे पडले. संत्र्यांचा भाव त्या सांगेनात, म्हणून अंदाजे दोन रुपये धरून 'आलेली भेट' या सदरात लिहिले.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. नागपूरला कॉलेजात लोकप्रशासन शिकवतात, म्हणजे सरकार कसं चालतं ते. लग्न केलं नाही. बायकांच्या हक्कांवर भाषणं देतात, पेपरात नाव येतं. इथं महिनाभर राहून बांधकामावर माती वाहणाऱ्या रेजांची पाहणी करणार आहेत.

रात्री पंगतीला बहीणभावांची जुंपली. हे एका कंत्राटदार शेठकडे हजेरीबाबू आहेत, त्यामुळे विषय घरचाच.

"ताई, रेजांना तू काय विचारणार? टोपलं कसं उचलता म्हणून?"

"नाव विचारणार."

"त्यांचं नाव कोण लिहितं? आमच्याकडे जोडी लागते. गडी खणतो, बाई वाहते. गड्याचं नाव लिहायचं, पुढं अधिक एक."

"आणि तो अधिक एक मेला तर?"

"जेवताना काय अभद्र बोलून राहिली!" हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. ताटाभोवती पुन्हा पाणी फिरवलं.

बुधवार, ७ जानेवारी

वन्सं साइटवर जाऊन आल्या. शेठचं काम सध्या कॅम्पापलीकडे, सांडपाण्याच्या मोठ्या नालीचं आहे. दोन पुरुष खोल खंदक, आणि बाजूंना एक फळी नाही, असं म्हणत होत्या.

मग हसायलाही लागल्या. "वासंती, तुझा नवरा खुर्चीवर बसून विचारतो, 'किसकी औरत?' बाई पदर तोंडात धरते. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग शेजारीण सांगते हिच्या नवऱ्याचं, ही सांगते शेजारणीच्या. तो ऐकू येईल तसं लिहितो. सगळा घोळ!"

मी म्हटलं, "बरोबरच आहे त्यांचं. मी तरी कुठं घेते?"

"मग रेशनकार्डाच्या वेळी?"

"शेजारच्या काकूंनी सांगितलं."

वन्संनी कपाळाला हात लावला. बाकी हसल्या खूप.

शुक्रवार, ९ जानेवारी

तिळगुळासाठी तीळ पाखडत होते. साडेतीनच्या सुमाराला पलीकडून मोठा गलका झाला. बायकांचा आवाज होता, पण रडण्याचा वाटेना. हाका मारल्यासारखा होता. वन्सं चपला न घालता धावल्या.

खंदकाची एक बाजू ढासळली म्हणे. हे आठला घरी आले. गुडघ्यापर्यंत लाल चिखल. म्हणाले, "एका गड्याचा पाय मोडला. बाकी काही नाही." जेवले नाहीत.

वन्सं म्हणाल्या, "खंदक बुजवून राहिलेत. आजच. वरून रोलर फिरवून राहिलेत."

मी म्हटलं, "बरंच झालं. आणखी कुणी पडायला नको."

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घालून पुन्हा तीळ पाखडायला घेतले. पाखडून झालेलेच होते.

रविवार, ११ जानेवारी

आज नवल झालं. लग्नाला अकरा वर्षं झाली, यांनी कधी बंब पेटवला नव्हता. आज मी उठायच्या आत पेटवला. ऑफिसातून रद्दी आणली होती, दोन मोठे गठ्ठे. मी म्हटलं, रद्दीवाला शेराला पाच आणे देतो. म्हणाले, "ओली झाली, कोणी घेणार नाही." मला तर कोरडीच लागली हाताला. पण पुरुषांशी वाद नको. मीच बसून एकेक पान आत सारलं. पाणी भराभर तापलं, दोन दिवसांचं जळण वाचलं.

हे मात्र शेवटपर्यंत बंबापाशी बसून राहिले आणि आंघोळ केलीच नाही. वन्सं देवळाजवळच्या महिला मंडळात गेल्या होत्या.

गुरुवार, १५ जानेवारी

हे कामावर गेल्यावर मागच्या दाराशी एक बाई आली. नाव भागीरथा. भंडाऱ्याकडची. उजव्या हाताला खांद्यापर्यंत पट्टी. दारातूनच म्हणाली, "जय भीम बाई. प्रोफेसरबाई हायेत काय?"

मला कळलं ती कोण ते. वन्संनी तिला सरळ स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. मी चहा केला. तिच्यासाठी कान तुटलेला कप काढला, खोटं कशाला लिहू. वन्संनी तो कप स्वतः उचलला आणि माझा तिच्यापुढं ठेवला. 

वन्संचं अक्षर अगदी कोंबडीच्या पायाचं, त्यामुळे भागीरथा सांगेल ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिताना दोनदा शाई सांडली.

"सहा जनी होतो खाली. माती बसली. माहा हात वर होता म्हून मले वढलं. दोघीले मंग काढलं, मेल्या होत्या. तिघी तिथंच हायेत बाई."

"तिथंच म्हणजे?" वन्संनी विचारलं.

"तिथंच. खाली. मुकादम तेजराम बोलला, आता काढून का फायदा, मोठ्या साहेब लोकाईचा दौरा हाय. वरतून माती टाकली. गड्याईले त्याच सांजेला ट्रकात घालून दुसऱ्या कामावर धाडलं. माहा जानराव बी गेला त्याईत."

नवऱ्याचं नाव तिनं इतक्या सहज घेतलं की मी टाक थांबवला. तिनं ते पाहिलं. "आमी दीक्षा घेतली बाई. आता घेतो नाव. नाव घेतल्यानं मानूस मरत नाई. न घेतल्यानं मरते, हे पाहिलं आता."

साइटवर मागे राहिलेल्या बायका दिराचं, सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव सांगेनात, आणि हजेरीत नोंद त्याच नावानं. कोण कुणाची, हे सांगणारी आता ही एकटीच. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: शेवंता, धोंडबाची. चंपा, केवलरामची. सुकवारो. मनटोरा. पाचवी कवडूची, नवी लग्न होऊन आलेली; तिचं नाव भागीरथेलाही ठाऊक नाही. "सगळे नवरीच म्हनत."

मजूर खात्याच्या साहेबांपुढं रायपूरला दोन फेब्रुवारीला सुनावणी आहे. वन्संनी अर्ज केला आहे. भागीरथा तिथं उभी राहून बोलली तरच काही होईल. हजेरीबुकं हरवली असं शेठनं लिहून दिलंय म्हणे.

सगळीकडे काळजी घ्यायला हवी. बुकं हरवतात म्हणजे यांच्या ऑफिसात फारच ढिसाळपणा दिसतो. यांना सांगायला हवं.

मंगळवार, २० जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. एकोणीस बायका. वाण म्हणून सुपारीचे डबे लुटले. नरहरपंतांच्या सौ. स्वतः आल्या! नरहरपंत हे शेठचे मॅनेजर, यांचे वरिष्ठ. आजवर त्या कधी आमच्या खोलीत आल्या नव्हत्या. बातमी घेऊनच आल्या: यांना हेडबाबू केलं, पगारात वीस रुपये वाढ. मी देवापुढं साखर ठेवली.

बाकीच्या गेल्यावरही त्या बसल्या. फार गोड बोलतात. "तुमच्या नणंदबाई म्हणजे विद्वान! त्यांच्याकडे माणसांची ये-जा असेल ना खूप?"

"छे हो. एक रेजाबाई तेवढी येते."

"अगंबाई, कोण?"

"हाताला पट्टी असते ती. कुरुदला, तळ्याच्या काठी बाभळीखाली झोपडी आहे तिची. एकटीच असते बिचारी, नवरा दुसऱ्या कामावर."

"बिचारी," त्याही म्हणाल्या. डोळ्याला पदर लावला. मोठ्या घरच्या असून किती कनवाळू. जाताना तिळगूळ मागून घेतला.

यांना बढतीचं सांगितलं तर म्हणाले, "ठाऊक आहे." एवढंच.

शनिवार, २४ जानेवारी

काल भरदुपारी भागीरथेची झोपडी जळाली. ती तळ्यावर धुणं धूत होती म्हणून वाचली. थंडीत चुली पेटत्या ठेवतात या बायका, ठिणगी उडाली असेल. मी वन्संना तसं म्हटलं.

वन्सं म्हणाल्या, "तिथल्या बावीस झोपड्यांतली एकच?"

मारुतीला तेल घातलं.

सोमवार, २६ जानेवारी

वन्संनी परवाच भागीरथेला घरी आणलं. मागच्या पडवीत राहते. मी दोन दिवस मनात कुढले, कबूल करते. पाण्याचा माठ वेगळा ठेवला. आज सकाळी पाहते तर माझ्या पायात काटा घुसला होता तो ती डाव्या हातानं काढत होती, आणि मी तिच्या खांद्याला धरून बसले होते. मग माठ एकच केला.

हे संतापले. बहिणीवर नाही, माझ्यावर. "ही बाई इथं कावून? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?" वन्संनी विचारलं.

"ताई, तू महिना संपला की नागपूरला जाशील. मले इथंच राहायचं आहे."

"त्या तिघींनाही," वन्सं म्हणाल्या.

हे पानावरून उठले. भागीरथा पडवीत भांडी घासत होती, ती थांबली.  पलीकडे रोलर अजून फिरत होता.

गुरुवार, २९ जानेवारी

 क्रमाने लिहिते.

सकाळी नरहरपंतांच्या सौ. आल्या. हातात जुनी साडी. "त्या पट्टीवाल्या बाईला द्या. तुमच्याकडेच असते ना आता? झोपडी जळाली म्हणे, बाभळीसकट."

बाभळीसकट. कुरुदला त्या कधी गेल्या? बाभूळ मीच सांगितली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी. मीच.

साडी घेतली. नाही म्हणता आलं नाही. त्या गेल्यावर मोरीत जाऊन हात घासून धुतले.

मग दुपारी भागीरथा बोलता बोलता म्हणाली, हजेरीची बुकं मोठी, लाल कापडाच्या पाठीची. मी उठून लोणच्याच्या बरण्या हलवल्या. बंबात पानं घातली त्या दिवशी यांचं लक्ष जाळाकडे असताना पुठ्ठे मात्र मी काढून ठेवले होते. चांगले जाड पुठ्ठे कुणी जाळतं का? दोन्ही लाल कापडाच्या पाठीचे. आतल्या बाजूला यांच्या अक्षरात तारखा: डिसेंबर ते ९ जानेवारी.

वन्संच्या हातात दिले. सगळं सांगितलं, बाभूळही, बंबही. म्हटलं, लिहून घ्या. वन्सं म्हणजे सगळं लिहून घेणाऱ्या. टांगेवाल्याचं नाव, गावसुद्धा लिहून घेतात.

वन्सं खाटेवर बसल्या. पुठ्ठे मांडीवर.  मग म्हणाल्या, "वासंती, हे मी लिहून घेणार नाही. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. माझ्या हातून जेवायचा."

"पण वन्सं, त्या बायका..."

"भागीरथा बोलेल. तेवढं पुरेल. पुरायला हवं." पुठ्ठे त्यांनी स्वतः बरण्यांखाली ठेवले. बरणी नीट बसवायला त्यांना दोनदा उचलावी लागली.

मी वळले तर हे दारात उभे. एक बूट पायात, एक हातात. केव्हा आले होते, ठाऊक नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

चहा पिताना यांनी विचारलं, "ताई त्या बाईला घेऊन रायपूरला कधी जाणार?"

"उद्या."

"कोणत्या गाडीनं?"

ठरलं होतं ते सकाळी साडेसातच्या पॅसेंजरचं. लग्नात सप्तपदीला जे बोलले ते सगळं आठवलं. म्हटलं, "दुपारी दोनच्या."

यांनी बशीतला चहा फुंकला. माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं. दोनच्या," म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. नरहरपंतांच्या बंगल्याच्या रस्त्याला लागले.

देवीचा वार आणि मी नवऱ्याशी खोटं बोलले. नाक घासलं देव्हाऱ्यापुढं. पण बदलून खरं सांगायला मागे धावले नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

दोघी सातला निघाल्या. भागीरथेला माझं हिरवं लुगडं दिलं, पट्टीवरून पदर घ्यायला सांगितलं. म्हणाली, "बाई, साहेबानं इचारलं का कोनाच्या घरी होतीस, तर तुमचं नाव घेऊ का?" मी म्हटलं, घे.

हे आतल्या खोलीत झोपून होते, पण यांचा लोकरी मफलर वन्संच्या वळकटीवर पडलेला दिसला. चुकून राहिला असेल. गडबडीत तो तसाच गेला.

पावणेदोनला शेठची जीप स्टेशनाकडे गेली. पुढं तेजराम मुकादम, मागं तिघे. साडेतीनला परत आली आणि आमच्या दाराशी थांबली.

"बाबू, गाड़ी में तो कोनो नइ रिहिस," तेजराम म्हणाला. गाडीत कुणीच नव्हतं म्हणे.

"मला घरात जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं," हे म्हणाले. आवाज अगदी साधा.

तेजराम हसला. दोरीवर भागीरथेचं फाटकं लुगडं वाळत होतं, त्याचा काठ त्यानं दोन बोटांत धरून पाहिला. "बने हे, बाबू. बने हे." बरं आहे, बरं आहे, असं म्हणत गेला.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज सुनावणी. मी निर्जळी उपास धरला.

हे पहाटेच उठले. आंघोळ केली, लग्नातला पांढरा सदरा घातला. डबा नको म्हणाले. मी विचारलं, साइटवर कुणी पाहुणे यायचे आहेत का? म्हणाले, "हो, तसंच." काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सपाट होतं. दारातून परत फिरले आणि म्हणाले, "वासंती, दार आतून लावून घे. तेजराम आला तर मी घरी नाही, एवढंच सांग." इतकं हळू माझ्याशी कधी बोलले नव्हते.

दुपारी मुंग्या लागल्या म्हणून बरण्या हलवल्या. खाली पुठ्ठे नाहीत.

ते पुठ्ठे यांनी कुठं नेले? जाळायचे असते तर बंब घरातच होता.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आले नाहीत. तेजराम दोनदा येऊन गेला. "बाबू कहाँ हे?" मी दार न उघडता म्हटलं, घरी नाहीत. म्हणाला, "हमू जानत हन." आम्हालाही ठाऊक आहे म्हणाला. मग कशाला विचारतो?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वन्संचं पत्र नाही. पोचल्याची तार करते म्हणाल्या होत्या, तीही नाही. खोली पंधरा तारखेला सोडावी, अशी शेठची चिठ्ठी आली. नरहरपंतांच्या सौ. नळावर दिसल्या, त्यांनी तोंड फिरवलं. स्टेशनाजवळच्या खडीच्या ढिगावर काल पोलीस उभे होते असं दूधवाला म्हणाला. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. मी पुढं विचारलं नाही.

वन्सं रायपूरला जिथं उतरणार होत्या त्या तिथल्या महिला मंडळाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. नक्कल इथं उतरून ठेवते:

"तीर्थस्वरूप वन्सं यांस वासंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुम्ही दोघी घरून निघालात ते मी पाहिलं, रायपूरला उतरलात ते पाहणारं माझं कुणी नाही. तुमचे बंधू सोमवारी पहाटे घरातून गेले ते अजून आले नाहीत. बरण्यांखालचे पुठ्ठे त्यांच्याबरोबर गेले. ते तिकडे यायला निघाले होते असं मी धरून चालले आहे. दुसरं काही धरवत नाही.

साहेबांनी मला बोलावलं तर मी येईन. बंबात पानं माझ्या हातानं गेली आहेत, बाभळीची खूणही माझ्याच तोंडून गेली. तुम्ही भावासाठी लिहून घेतलं नाहीत, मी त्याचा राग धरत नाही. पण आता मी लिहून दिलं तर नाही म्हणू नका.

सोबत जबाबी कार्ड आहे. पत्ता घरचा नाही, मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यांचा घातला आहे, कारण पोस्टमन आला की आमच्या दाराशी तेजरामचा माणूस आधी पुढं होतो. जास्त लिहू नका. तीनच गोष्टी कळवा. भागीरथा साहेबांपुढं उभी राहिली का. तिनं सांगितलेली नावं कागदावर चढली का. आणि तुमचे बंधू तिथवर आले का. कसे आहेत, काय म्हणाले, ते मागाहून. आले, एवढा एक शब्द पुरे. नसतील आले तर तेही लिहा.

कृपा करून उलट टपाली कळवावे."